उजनीच्या काठावर साध्या गळाने चिलापी धरताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

फाल्गुन लागला की सोलापूर, माढा, करमाळा भागातील हौशी मंडळी काठी आणि गळांची पुडी घेऊन तलाव गाठतात, दुपारपर्यंत उन्हात बसतात आणि रिकामी पिशवी घेऊन घरी येतात. मग दोष साधनांवर जातो: रीळ नव्हते, काठी विलायती नव्हती, दोरी जुनी होती. प्रत्यक्षात चिलापीसाठी, म्हणजे तिलापिया माशासाठी, यांपैकी काहीच लागत नाही. बहुतेकांचे चुकते ते क्रमात. पाणी न पाहता गळ टाकला जातो, खोली न मोजता तरंगा (मासा लागल्याची खूण देणारा, दोरीवरचा तरंगता तुकडा) बांधला जातो आणि मासा पायाशी असताना दोरी वीस हात लांब फेकली जाते. मी स्वतः पहिले दोन हंगाम असेच वाया घालवले आहेत. केत्तूरच्या बाजूला एका वयस्क मच्छीमार मामांनी बराच वेळ माझे फेकणे पाहिले आणि शेवटी न राहवून विचारले, "अहो, मासा हितं काठाला हाय, तुम्ही कुणाच्या डोक्यावरनं फेकताय?"

पुढील रीत फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतची आहे. ती भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्याला, म्हणजे भिंतीमागे पसरलेल्या पाण्याला, एकरुख म्हणजे हिप्परगा तलावाला, कुरनूरच्या बोरी धरणाला आणि जिल्ह्यातील लहानमोठ्या पाझर तलावांना सारखीच लागू पडते. पावसाळ्यातील मासेमारी निराळी असते आणि तिला हे नियम लावू नयेत.

१. आधी परवानगी, मग जागा

तलाव सरकारी असला तरी त्यातील मासा मोकळा नसतो. कुठे मासेमारीचा ठेका सहकारी मत्स्यव्यवसाय संस्थेकडे असतो, कुठे ठेकेदाराकडे, तर कुठे परवाना घ्यावा लागतो. संस्थेने पैसे भरून मत्स्यबीज सोडलेले असते, त्यामुळे काठावर गळ घेऊन बसलेल्या अनोळखी माणसाला हटकण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. गावात पोहोचल्यावर आधी संस्थेचा माणूस कोण, हे विचारावे. शंका असेल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. "एका काठीने चिलापी धरतो, रोहू-कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, लागली तर परत सोडतो," एवढे नम्रपणे सांगितले तर सहसा कोणी अडवत नाही. न विचारता बसलात आणि नंतर वाद झाला, तर त्यात तुमची बाजू लंगडीच असते.

धरणाची भिंत, दरवाजे, कालव्याचे मुख आणि शहराला पाणी उचलणारी ठिकाणे वर्ज्य समजावीत. सोलापूर शहरातील सिद्धेश्वर तलाव मंदिराच्या भोवतीचा आहे, तिथे गळ टाकू नये. ज्या नाल्यातून किंवा ओढ्यातून सांडपाणी येते, त्याच्या तोंडाशी चिलापी भरपूर दिसते आणि पटकन लागतेही, परंतु तो मासा खाण्यासाठी नव्हे.

*सावधान:* उन्हाळी आवर्तन, म्हणजे सिंचनासाठी धरणातून पाळीने सोडले जाणारे पाणी, सुटले की धरणाखाली भीमेच्या पात्रातील पाणी थोड्या वेळात वाढते. पात्रातील खडकावर किंवा बेटावर बसून गळ टाकू नये. ही रीत साठलेल्या पाण्याच्या काठासाठी आहे.

२. साहित्य: थोडे, पण घरी तपासलेले

काठीसाठी बुरडाकडून नऊ-दहा फुटांचा, टोकाकडे निमुळता होत गेलेला बांबू घ्यावा आणि ओला असल्यास तो सावलीत आडवा ठेवून वाळवावा. उन्हात उभा टेकवून वाळवलेला बांबू वाकडा होतो. वाळल्यावर टोकाला पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली टांगून पाहावी. काठी कमानीसारखी वाकून बाटली काढताच सरळ झाली, तर ती चालेल. वाकतानाच करकरली, तर ती वेलीच्या मांडवाला वापरावी.

दोरी म्हणजे नायलॉनचा तंगूस. चिलापीसाठी ०.२५ ते ०.३० मिलिमीटर जाडीचा तंगूस पुरेसा आहे, आणि ही जाडी पुडक्यावर छापलेली असते. जाड दोरी अधिक सुरक्षित, ही समजूत इथे नडते: मार्चमध्ये उथळ पाणी नितळ झालेले असते, त्यात जाड तंगूस माशाला दिसतो आणि हलक्या आमिषाला नीट लोंबूही देत नाही. मागच्या वर्षीचा तंगूस उन्हात राहिला असेल तर तो दिसायला ठीक असला तरी ठिसूळ होतो. हातभर तुकडा दोन्ही मुठींत गुंडाळून झटक्याने ओढावा. सहज तुटला तर सगळे पुडके टाकून द्यावे.

गळ निवडताना सर्वांत जास्त लोक चुकतात. गळांचे क्रमांक उलटे चालतात: क्रमांक जेवढा मोठा, तेवढा गळ लहान. चिलापीचे तोंड लहान असते, म्हणून ८ ते १२ क्रमांकाचा, दोरी ओवण्यासाठी डोळा असलेला गळ घ्यावा. दुकानदार "मोठा मासा येईल" म्हणून मोठा गळ पुढे करतो. त्या गळावरचे आमिष चिलापी कडेकडेने कुरतडून संपवते आणि आपण मासे हुशार झाले म्हणत बसतो. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा, असे माझे मत आहे. दोरी ताणलेली ठेवली तर मासा त्याने सुटत नाही. शिवाय बोटुकली इजा न होता सोडता येते, आणि स्वतःच्या बोटात गळ गेला तर तो निघतोही.

तरंग्यासाठी दुकानात जाऊच नये. ज्वारीच्या वाळलेल्या ताटाचा करंगळीएवढ्या जाडीचा, तीन इंच लांबीचा तुकडा वरची कडक साल तशीच ठेवून कापावा आणि त्याची दोन्ही टोके वितळलेल्या मेणबत्तीच्या मेणात बुडवून काढावीत. मेण लावायचे राहिले तर आतला भुसभुशीत गाभा तासाभरात पाणी पितो आणि तरंगा हळूहळू बुडू लागतो. मासा ओढतो आहे असे समजून माणूस रिकाम्या दोरीला हिसके देत राहतो. सायकलच्या व्हॉल्व्हला लागणाऱ्या बारीक रबरी नळीचे दोन तुकडे कापून, त्यांतून तंगूस ओवून तरंग्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला ते चढवावेत. अशा रीतीने तरंगा घट्ट राहतो आणि खोली बदलायची तेव्हा दोरीवर सरकवताही येतो.

याशिवाय शिशाचे बारीक मणी, पकड, छोटा चाकू, जुनी गोणी, टोपी, डोळ्यांवर साधा चष्मा, आणि माणशी किमान तीन लिटर पिण्याचे पाणी. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि फुगवट्याच्या काठावर सावलीला झाड मिळेलच असे नाही.

३. दोरी घरीच बांधणे

काठावर वाऱ्यात, ओल्या हातांनी गाठी मारणे हा वेळ घालवण्याचा खात्रीचा उपाय आहे. दोन-तीन दोऱ्या आदल्या रात्री पूर्ण बांधून, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवाव्यात.

दोरीची लांबी काठीएवढी किंवा तिच्याहून वीतभर कमी ठेवावी. लांब दोरी असेल तर मासा हाताशी येत नाही. काठी सरळ उभी केली तरी तो आपल्यापासून दूर लोंबकळतो आणि तेवढ्यात सुटतो. दोरी नुसती काठीच्या टोकाला बांधू नये. काठीच्या मध्याच्या खाली पहिली गाठ मारावी, तिथून दोरी सैलसर वेढे देत टोकापर्यंत न्यावी आणि टोकाला दुसरी गाठ मारावी. टोक मोडले तरी मासा आणि दोरी दोन्ही हातात राहतात. यासाठी लागणारा जास्तीचा तंगूस आधीच मोजून घ्यावा.

गळ बांधताना तंगूसाचे टोक डोळ्यातून काढून बोटभर लांब घ्यावे, ते मूळ दोरीभोवती पाच-सहा वेळा गुंडाळावे, डोळ्याजवळ तयार झालेल्या पहिल्या फटीतून परत ओवावे, गाठीला थुंकी किंवा पाणी लावावे आणि मग सावकाश ओढून घट्ट करावे. पाणी न लावता ओढलेली गाठ घासून तापते आणि तंगूस नेमका तिथेच कमकुवत होतो. मासा गेल्यावर दोरीचे टोक कुरळे झालेले दिसले, तर दोरी तुटलेली नसून गाठ सुटली आहे, हे ओळखावे.

गळाच्या वर सुमारे एक वीत अंतरावर शिशाचे मणी दाबून बसवावेत. किती, ते बादलीत ठरते. पाण्याने भरलेल्या बादलीत तरंगा सोडावा आणि त्याचे फक्त नखभर टोक पाण्यावर राहीपर्यंत एकेक मणी वाढवावा.

*तपासा:* बादलीतील तरंगा आडवा पडत असेल तर वजन कमी आहे, आणि बोटभर वर राहत असेल तरीही कमीच आहे. उंच तरंगणाऱ्या तरंग्याला ओढण्यासाठी माशाला जोर लावावा लागतो. चिलापीला तो जोर जाणवला की ती आमिष थुंकते. ही तपासणी टाळणारे जितके लोक मी पाहिले, तितके दुसरी कोणतीही पायरी टाळणारे पाहिले नाहीत.

४. आमिष आणि चारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

आमिष गळावर लागते आणि चारा पाण्यात पडतो. दोन्हींचे काम निराळे असल्याने दोन्हींचा घट्टपणाही निराळा हवा.

आमिषासाठी दोन वाट्या कणकेत एक वाटी शेंगदाण्याची पेंड बारीक कुटून, चाळून मिसळावी. थोड्या पाण्यात पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट गोळा मळावा आणि मळतानाच कापसाचे चिमूटभर पिंजलेले धागे त्यात घालावेत. कापसामुळे गोळा गळावर टिकतो. ओल्या फडक्यात अर्धा तास ठेवल्यावर हरभऱ्याएवढी गोळी वळून गळाचे टोक किंचित बाहेर राहील अशी लावावी. लिंबाएवढा गोळा लावल्याने मोठा मासा येत नाही, गोळा मात्र पाण्यात पडताच सुटतो.

गांडूळ हे दुसरे आमिष. थंडीचा अंश असलेल्या फेब्रुवारीत ते कणकेपेक्षा चांगले चालते, असा माझा अनुभव आहे. उकिरड्याच्या किंवा नळाखालच्या ओलसर मातीत ते मिळते. डब्यात त्याच मातीसह, झाकणाला भोके पाडून ठेवावे आणि डबा ओल्या गोणीखाली सावलीत ठेवावा, नाहीतर दहा वाजेपर्यंत सगळी गांडुळे मरून पडतात. गळावर ओवताना शेपूट अर्ध्या इंचापेक्षा जास्त लोंबू देऊ नये. लोंबणारे शेपूट चिलापी तोडून नेते आणि गळाला स्पर्शही करत नाही.

चाऱ्यासाठी आपल्याकडची कडक भाकरी उत्तम. दोन भाकऱ्या चुरून भिजवाव्यात, त्यांत मूठभर पेंड आणि तलावाच्या काठचीच मूठभर माती मिसळून सैलसर गोळे करावेत. असा गोळा पाण्यात पडून तळाशी विरघळायला हवा.

५. काठावर पोहोचल्यावर पहिला अर्धा तास गळ हातात घेऊ नये

या लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे.

चिलापी उथळ पाण्याच्या तळाशी घरटे करते. नर शेपटीने आणि तोंडाने माती बाजूला सारून ताटाएवढा किंवा परातीएवढा गोल खड्डा करतो आणि त्यावर पहारा देतो. उजनीचे पाणी या दिवसांत रोज खाली जात असते, कारण सिंचनाची आवर्तने आणि बाष्पीभवन दोन्ही चालू असतात. सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेच्या या धरणात ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापराच्या हिशेबात न धरलेला तळचा साठा, आहे, आणि उन्हाळ्यात पाणी त्याच्याही खाली गेले की लोक "उजनी मायनसमध्ये गेली" म्हणतात. पाणी मागे सरते तशी मागच्या आठवड्यातील घरटी काठावर उघडी पडतात. वाळलेल्या, भेगाळलेल्या गाळात ओळीने मांडलेल्या पराती असाव्यात तसे ते खड्डे दिसतात, आणि काहींच्या तळाशी अजून ओल असते. बहुतेक लोक त्यांवरून चालत पुढे जातात.

तिथे थांबावे. असे खड्डे दिसलेला उतार ही तुमची जागा आहे. खड्ड्यांची रांग ज्या उतारावर आहे, तोच उतार पाण्याखाली पुढे गेलेला असतो, आणि मासे पाण्याबरोबर सरकून गुडघा ते कंबरभर खोलीत नवी घरटी करून असतात. म्हणजे मासा काठापासून आठ-दहा फुटांवर आहे, आणि म्हणूनच दहा फुटी काठी पुरते. याउलट काठ जिथे तुटक आहे, दोन पावलांत पाणी पुरुषभर होते आणि एकही खड्डा दिसत नाही, ती जागा बसायला कितीही ऐसपैस असली तरी सोडून द्यावी.

यानंतर वारा पाहावा. दोन-तीन तास एकाच दिशेने वारा वाहत असेल तर तरंगणारे शेवाळ, कचरा आणि त्याबरोबरचे खाद्य समोरच्या काठाला जमते. तोंडावर वारा येणारा काठ बसायला त्रासाचा, पण माशाला सोयीचा असतो.

वेळेचा हिशेब महिन्याप्रमाणे बदलतो. फेब्रुवारीत रात्री गार असतात आणि पहाटे उथळ पाणी सर्वांत थंड असते. पाणी वीस अंशांच्या खाली गेले की चिलापी खाणे कमी करते, म्हणून पहाटे पाचला जाऊन कुडकुडण्यात अर्थ नाही. नऊ-साडेनऊनंतर, ऊन पाण्यात मुरल्यावर ती काठाला येते आणि दुपारपर्यंत लागते. मार्चच्या शेवटी हे उलटते: उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि पुन्हा सूर्य कलल्यावर. भर दुपारी मासा खोल जातो आणि आपल्याला ऊन लागते.

*सावधान:* पाणी नुकतेच मागे गेलेल्या काठावर वरची गाळाची साय वाळलेली दिसते, पण खाली लोण्यासारखा चिखल असतो. पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी काठीचे मागचे टोक रोवून पाहावे. ते वीतभर सहज गेले तर तिथे उभे राहू नये. मी एकदा मांडीपर्यंत रुतलो, शेवटी आडवा पडून बाहेर आलो आणि एक चप्पल अजून तिथेच आहे. एकट्याने जाऊ नये, आणि पोहता येत असले तरी पाण्यात उतरू नये.

*सावधान:* फुगवट्याच्या काठावर शेतकऱ्यांच्या मोटारी असतात आणि त्यांच्या वायरी जमिनीवरून, कधी पाण्यातूनही गेलेल्या असतात. ओला बांबू घेऊन अशा जागी बसणे जिवावरचे आहे. मोटारीपासून आणि वरून जाणाऱ्या तारांपासून लांबची जागाच घ्यावी.

६. खोली मोजणे आणि चारा टाकणे

जागा ठरली की गळात एखादा छोटा नट अडकवून दोरी बसण्याच्या जागेसमोर सोडावी. तरंगा बुडाला तर पाणी दोरीच्या मापापेक्षा खोल आहे, म्हणून तो वर सरकवावा. आडवा पडला तर खाली. ज्या मापाला तरंग्याचे टोक जेमतेम पाण्याच्या पृष्ठाशी येते, ती तिथली खोली. आता नट काढून तरंगा चार बोटे खाली सरकवावा, म्हणजे आमिष तळापासून चार बोटे वर लोंबेल. तळाला टेकलेले आमिष शेवाळात हरवते, आणि फार वर लोंबणाऱ्या आमिषाकडे घरट्यावरचा नर ढुंकून पाहत नाही.

जुनी बुडालेली बाभूळ किंवा तिचे खुंट जवळ असतील तर नट दोन-तीन ठिकाणी सोडून अडथळा कुठे आहे तेही कळते. तिथून हातभर लांब राहावे.

मग लिंबाएवढे दोनच गोळे चारा नेमक्या तरंग्याच्या जागी, हात लांबवून अलगद सोडावेत. फेकून धपकन आवाज करू नये. नंतर पाऊण तासात एखादी चिमूट पुरे. उत्साहाच्या भरात सगळी भाकरी एकदम टाकणारे लोक माशांना जेवू घालून घरी येतात.

*तपासा:* चारा टाकून दहा मिनिटांत तिथे बारीक बुडबुडे उठू लागले किंवा पाणी किंचित गढूळ झाले, तर मासा आला आहे. अर्ध्या तासात काहीच हालचाल नसेल तर आमिष बदलत बसण्यापेक्षा पंधरा-वीस पावले सरकून पुन्हा खोली मोजावी.

७. गळ टाकणे, वाट पाहणे, हिसका देणे

बांबूच्या काठीने गळ फेकायचा नसतो, झोक्याने सोडायचा असतो. डाव्या हातात शिशाजवळची दोरी धरावी, काठी पुढे नेताना ती सोडावी आणि आमिष स्वतःच्या वजनाने जागेवर जाऊ द्यावे. मागे कोणी उभे नाही, वर फांदी किंवा तार नाही, हे प्रत्येक वेळी पाहावे. स्वतः उभे न राहता बसावे. काठावर उभ्या माणसाची सावली पाण्यावर पडली की उथळातील मासा तासभर परत फिरकत नाही. सूर्य पाठीशी असेल तर हे विशेष सांभाळावे.

आता तरंग्याची भाषा शिकायची आहे, आणि इथे घाई सगळ्यांनाच नडते. तरंगा जागेवरच टुकटुक हलत असेल तर लहान मासे किंवा चिलापीच आमिष चाखत आहे. या वेळी हात हलवू नये. तरंगा तिरका होऊन एका बाजूला चालू लागला, किंवा सरळ खाली जाऊन तिथेच राहिला, तर मासा आमिष तोंडात घेऊन निघाला आहे. तिसरा प्रकार फसवा असतो: उभा तरंगा अचानक वर उचलल्यासारखा होऊन पाण्यावर आडवा पडतो. पुष्कळ लोकांना वाटते की आमिष सुटले. खरे तर माशाने तळाजवळचे आमिष उचलून वर आणलेले असते, त्यामुळे शिशाचे वजन तरंग्यावरून निघून जाते. आडवा तरंगा म्हणजे लागलेला मासा, असे समजावे.

हिसका मनगटाचा, वीतभर आणि वरच्या दिशेने. खांद्यापासून काठी ओढून डोक्यामागे नेणारा माणूस चिलापीचे पातळ ओठ फाडतो, आणि हुकला तर मोकळा गळ सूं करत त्याच्याच तोंडाकडे येतो. चष्मा आणि टोपी यासाठीच आहे.

*सावधान:* गळ बोटात खोल गेला आणि उलटा काटा दाबलेला नसेल, तर तो मागे ओढू नये. तंगूस कापावा, गळ तसाच ठेवून दवाखाना गाठावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे.

८. मासा बाहेर काढणे

लागलेला मासा आपल्या बाजूला ओढण्याची घाई करू नये. काठी उभी, दोरी ताणलेली, आणि माशाला काठीच्या वाकाशी झगडू द्यावे. दोरी क्षणभरही ढिली पडली तर काटा दाबलेला गळ निसटतो. पावशेरापर्यंतची चिलापी सरळ उचलता येते. त्याहून मोठी असेल तर ती दमल्यावर पाण्यावरूनच सरकवत काठाच्या उतारावर आणावी आणि खाली ओली गोणी सरकवून धरावी. अर्ध्या किलोचा मासा हवेत लोंबवला तर दोरी टिकते, ओठ टिकत नाही.

चिलापीच्या पाठीवरच्या पंखात टोकदार काटे असतात. हात ओला करून डोक्याकडून शेपटीकडे फिरवावा, म्हणजे काटे मिटतात, आणि मग घट्ट धरावे. उलट दिशेने धरणाऱ्याचा तळहात रक्ताळतो.

कधी एखाद्या मादीला धरले की तिच्या तोंडातून मोहरीपेक्षा थोडी मोठी, पिवळसर अंडी किंवा डोळे दिसणारी इवली पिल्ले बाहेर सांडतात. चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते आणि त्या काळात जवळजवळ खात नाही, म्हणून ती गळाला क्वचितच लागते. लागलीच तर मी सोडून देतो. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली लागली तर ती मात्र सोडायलाच हवी, ती संस्थेने सोडलेली असते. ओल्या हाताने, पाण्याबाहेर न उचलता गळ काढावा.

जिवंत चिलापी बादलीत घालून आपल्या विहिरीत किंवा शेततळ्यात नेऊन सोडू नये. हा मासा बाहेरून आणलेला आहे, झपाट्याने वाढतो आणि बाकीच्या माशांना जागा ठेवत नाही.

९. घरी पोहोचेपर्यंत

अर्धी मेहनत इथे वाया जाते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दुचाकीच्या हँडलला अडकवलेला मासा मार्चच्या उन्हात तासाभरात मऊ पडतो. मासा काढल्याबरोबर डोक्यावर जड काठीचा एक फटका देऊन मारावा, कल्ल्याखाली चिरून रक्त जाऊ द्यावे आणि ओल्या गोणीत सावलीला ठेवावा. थर्माकोलच्या डब्यात बर्फ नेता आला तर उत्तमच. तडफडत मेलेल्या माशापेक्षा असा मासा घट्ट राहतो.

साफ करताना खवले शेपटीकडून डोक्याकडे काढावेत, पोट चिरून आतडी काढावीत आणि पोटाच्या आतल्या बाजूचे काळे पातळ आवरण चाकूच्या पाठीने पूर्ण खरवडावे. चिलापीला चिखलाचा वास येतो अशी तक्रार असते, तिचे एक कारण हे राहिलेले आवरण असते. नंतर मीठ-हळद आणि चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेवावे. आतडी काठावर टाकून येऊ नयेत.

१०. निघण्यापूर्वी

गळ मोजावेत. आणलेले दहा असतील तर दहाही हिशेबात लागले पाहिजेत, कारण काठावर गुरे आणि अनवाणी माणसे चालतात. तुटलेला तंगूस खिशात घालून आणावा. उजनीवर या दिवसांत रोहित (फ्लेमिंगो) आणि इतर पक्षी त्याच उथळ चिखलात चरत असतात आणि पायाला गुंडाळलेला तंगूस त्यांना सोडवता येत नाही.

पाण्याच्या कडेला एक खुंटी ठोकून ठेवावी आणि वहीत तारीख, खोली, आमिष आणि लागलेल्या माशांची वेळ लिहावी. आठवड्याने परत आल्यावर खुंटीपासून पाणी किती पावले मागे गेले ते मोजावे, तेवढीच पावले पुढे जाऊन, गाळ काठीने तपासून बसावे आणि खोली नव्याने मोजावी.